स्थलांतरितांच्या घरी जाऊन संसर्गजन्य आजारांची तपासणी करताना या चुका टाळा

घरातल्या मुलाला दुभाषा करू नका. नव्या देशाची भाषा बहुधा मुलांना आधी येते, त्यामुळे कार्यकर्ता सहज त्यांच्याकडे वळतो. पुढचं ठरलेलंच. बारा वर्षांच्या मुलीला ‘हिपॅटायटिस बी’ या यकृताच्या आजारासाठी शब्द सापडत नाही, ती आईला विचारते, “कावीळ झाली होती?” आई नाही म्हणते आणि फॉर्मवर ‘नाही’ चढतं. जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्या कित्येकांचे डोळे कधी पिवळे झालेलेच नसतात! लैंगिक संबंधांचे प्रश्न तर ती गाळूनच टाकते. आणि एचआयव्हीचा निकाल लेकीच्या तोंडून आईला सांगायला लावणं हा दोघींवर अन्याय आहे. फोनवर प्रशिक्षित दुभाषा मिळेपर्यंत थांबा. तो त्याच वस्तीतला असेल तर चालेल का, हे आधी जिची तपासणी आहे त्या व्यक्तीलाच एकांतात विचारा.

दुसरी चूक रक्ताच्या थेंबांच्या कार्डाची, म्हणजे बोटातलं रक्त ज्या शोषक कागदावर वाळवून तपासायला पाठवतात त्याची. कोमट पाण्याने हात धुवायला लावा, बोट पुसा, स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या कातडीवर थेंब पसरतो. मधल्या बोटाच्या किंवा अनामिकेच्या टोकाला, जरा बाजूला टोचा. पहिला थेंब पुसून टाका. रक्त येईना म्हणून बोट पिळत बसू नका, ऊतींमधलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो. हात खाली सोडायला सांगा, नाहीतर दुसरं बोट घ्या. एक वर्तुळ एकाच मोठ्या थेंबाने भरा. थेंबावर थेंब टाकला की नमुना बाद.

नंतर कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान 3 ते 4 तास, दमट हवेत रात्रभर वाळवा. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य. ‘वाटेत वाळेल’ म्हणत ओलं कार्ड पिशवीत बंद करणाऱ्या नवशिक्यांना कार्डं देऊच नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. थांबायला वेळ नसेल तर वाळवणीचा उघडा स्टँड सोबत न्या. वाळल्यावर ओलावा शोषणारी पुडी घालूनच पिशवी बंद करा.

बीसीजी ही क्षयाची लस घेतलेल्यांची क्षयाची त्वचा-चाचणी फसवू शकते, त्यांच्यासाठी रक्ताची इग्रा चाचणी बरी. थुंकीच्या नमुन्यात खोल खोकून काढलेला बेडका हवा, लाळ नको. रॅपिड किटवरची फिकट रेघही रेघच, पण दिलेली वेळ उलटल्यावर उमटलेली धरू नका. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) सापडली तर, विषाणू अजून रक्तात आहे का हे दाखवणारी आरएनए चाचणी होईपर्यंत ‘आजार आहे’ म्हणू नका.

हिपॅटायटिस बीसाठी नुसती एचबीएसएजी, म्हणजे आत्ता संसर्ग आहे का हे दाखवणारी चाचणी, करून थांबू नका. अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का) आणि एकूण अँटी-एचबीसी (संसर्ग कधी झाला होता का) याही चाचण्या करा, म्हणजे घरातल्या कोणाला लस द्यायची तेही कळेल.