लिटल अंदमानच्या धबधब्याला निघण्याआधी

पाण्याची बाटली, टॉर्च, टोपी, बूट, ओळखपत्र हे कुणी विसरत नाही, म्हणून ते सांगत बसत नाही. दर पावसाळ्यात देवकुंड नाहीतर अंधारबन करणाऱ्यांना सॅक भरायला काय शिकवायचं! सांगायचंय ते डासांचं, कारण फजिती होते ती नेमकी अशा सवयीच्या लोकांचीच. डासांचं क्रीम घ्या आणि ते पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवा. सूटकेसमध्ये नको, गाडीच्या डॅशबोर्डवर नको आणि खोलीतल्या बेसिनवर तर मुळीच नको. मागच्या खेपेला ट्यूब बेसिनवर होती आणि आम्ही धबधब्यावर.

आधी कुठला धबधबा ते ठरवा. लिटल अंदमानचं बंदर म्हणजे हट बे, तिथल्या जेट्टीपासून साधारण ६.५ किलोमीटरवर व्हाइट सर्फ धबधबा आहे. आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर तोच बरा. ही यादी व्हिस्पर वेव्हसाठी आहे. तो जेट्टीपासून २५ किलोमीटरच्या आसपास, आणि त्यासाठी जंगलातून चारेक किलोमीटर पायी जावं लागतं. सिंहगड चढणाऱ्याला हे अंतर किरकोळ वाटेल, पण दमट हवेत घामाच्या धारा लागतात आणि घामाबरोबर अंगावरचं क्रीमही वाहून जातं. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. तिथला पाऊस मे महिन्यात सुरू होतो आणि आपल्यासारखा गणपती गेले की आवरत नाही, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. त्यानंतर लगेच गेलात तर धबधब्याला पाणी असतं. एप्रिलपर्यंत थांबलात तर ते घटलेलं असतं.

एक गोष्ट पुण्यात बसून लक्षात येत नाही. घड्याळ तेच, सूर्य वेगळा. हट बे आपल्यापेक्षा जवळजवळ १९ रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे सव्वा तासाचा फरक. डिसेंबरात पुण्यात सहाला मावळणारा सूर्य तिथे पाचच्या आसपास मावळतो, आणि झाडांखाली तर त्याआधीच अंधारून येतं. 'चारला निघू, उजेडात पोचू' हा सह्याद्रीतला हिशोब तिथे चालत नाही. दुपारी दोनला परत फिरा. अडीच म्हणजे उशीर झाला.

दुसरी सवय संध्याकाळच्या खिडक्यांची. नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये जलपर्णी वाढली की सहाच्या ठोक्याला खिडक्या लावायच्या आणि मशीनचं बटण दाबायचं, एवढं केलं की आपलं काम संपलं असं आपण समजतो. तो क्युलेक्स, रात्रीचा डास. जंगलातला एडिस दिवसा चावतो, सकाळी ऊन वर येताना आणि मावळतीच्या आधी तर जास्तच, आणि दाट सावलीत भरदुपारीही सोडत नाही. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो तो हाच. २०२४ मध्ये एरंडवण्यात झिका सापडला, त्यामागेही हाच डास होता, म्हणजे आपल्याला तो नवा नाही. फरक इतकाच की इथे तो कुंडीखालच्या ताटलीत आणि टाकून दिलेल्या टायरमध्ये वाढतो आणि तिथे झाडाच्या ढोलीत, नारळाच्या करवंटीत. ते पाणी कुणी ओतून देणार नाही, तेव्हा अंग झाकायचं.

कपडे फिकट रंगाचे आणि सैल. पुणेकर ट्रेकरची काळी ट्रॅकपँट घरी राहू दे, एडिसला गडद रंग आवडतो. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडला मिळेल, त्यासाठी ब्रँड शोधत बसू नका. वहिनी आणि ताई मंडळींना खास सूचना, लेगिंग्जवर भरवसा ठेवू नका. अंगाला चिकटून बसणाऱ्या कापडातून डास आरामात सोंड घालतो. मोजे लांब हवेत आणि पँटचे पाय त्यात खोचलेले. ध्यान दिसतं, दिसू दे. मोज्यांमुळे जळवाही थोड्या अडतात. पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मिळाला तर तो निघण्याआधी कपड्यांवर मारून वाळवा. अंगावर मारायचा नाही, आणि घरात मांजर असेल तर कपडे पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. तिच्यासाठी ते विष आहे.

आता क्रीम. मनगटावरचे रंगीत बँड विसरा. सिट्रोनेलाचा वास छान, पण अर्ध्या तासात उडतो. लसूण खाऊन डास पळतात हे सांगणाऱ्या काकांना नमस्कार करून पुढे चला. डीट किंवा पिकारिडिन हे डास पळवणारं औषध असलेलं क्रीम घ्या, साधारण २० टक्क्यांचं. कोरड्या अंगावर २० ते २५ टक्के डीट चार-पाच तास पुरतं. औषधाच्या दुकानात सहज मिळणारं ओडोमॉसही चालेल, त्यात १२ टक्के डायइथाइल बेंझामाइड असतं, फक्त ते लवकर लवकर लावावं लागेल. सनस्क्रीन लावायचं तर ते आधी, हे त्याच्यावर. उलट केलंत तर दोन्ही वाया. डीटनं प्लॅस्टिक विरघळतं, म्हणून तळहात पुसल्याशिवाय चष्मा, घड्याळ, फोनचं कव्हर यांना हात लावू नका. कॉइल नेऊ नका. मोकळ्या जंगलात तिचा काय उपयोग, आणि काडेपेटी विमानात नेऊही देत नाहीत.

आणि ही ट्यूब सॅकमध्ये. खोलीतून निघताना अंगाला फासलंय ना, मग ती कशाला वागवायची, असं कुणीतरी म्हणणारच. त्याला आधी पुढचं वाचायला द्या.

धबधब्यापाशी पोचलात की डास नाहीत असं वाटतं. पाणी पडतं तिथे तुषार आणि वारा इतका असतो की डासाला उडता येत नाही. मग बूट निघतात, मोजे निघतात, शर्ट निघतो, सगळे पाण्यात. तासाभरानं बाहेर येता तेव्हा सकाळी लावलेल्या क्रीमचा अंगावर मागमूस नसतो. जे काही उरलेलं असतं ते टॉवेलनं पुसून निघतं. कपडे बदलायला वीस पावलं मागे झाडांच्या आडोशाला जाता, आणि तिथे वारा नसतो. ओलं अंग, उघड्या पोटऱ्या, अनवाणी पाय, वर बसून थेपले आणि शेंगदाण्याची चटणी. पायाचे पंजे, घोटे, गुडघ्याची मागची बाजू, मानेखालचा भाग, नेमके इथेच चावतात. मग परतीची सगळी वाट खाजवत. जेवणाच्या पंगतीत आमटीची बादली पुन्हा फिरते तशी ही ट्यूब धबधब्यावर दुसऱ्यांदा फिरली पाहिजे.

क्रम असा: बाहेर या, अंग पूर्ण कोरडं करा, लगेच लांब बाह्यांचे कोरडे कपडे घाला, उघडं राहिलं तिथे क्रीम लावा, मोजे चढवा, मग डबा उघडा. डबा शेवटी. कोरड्या कपड्यांचा दुसरा जोड झिप-लॉक पिशवीत, आणि त्याच पिशवीत ट्यूब. दोन वेगळ्या पिशव्या केल्यात तर एक राहतेच. पाच जण असाल तर ट्यूब किमान दोघांच्या सॅकमध्ये, कारण ज्याच्याकडे ती असते तो हमखास फोटो काढत मागे राहतो. निघताना दारात एकमेकांना विचारा, ट्यूब कुणाच्या सॅकमध्ये आहे? 'असेल' हे उत्तर धरायचं नाही. बाहेर काढून दाखवायला लावा.

पाण्यात उतरण्याआधी स्थानिक माणसाला मगरीचं विचारा. लिटल अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि त्या ओढ्यांमध्येही शिरतात. तो नको म्हणाला तर नको. पायाला जखम असेल तरीही उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून, जखमेवाटे अंगात शिरणारा आजार अंदमानात जुना आहे. पूर्वी ज्याला अंदमान रक्तस्रावी ताप म्हणायचे, तो हाच आजार निघाला. अंगावर चावे खाजवून फोडले असतील तर त्याही जखमाच. म्हणून पुन्हा, ट्यूब.

मलेरियाचा डास आणखी वेगळा, तोही रात्रीचा, ॲनोफिलिस, आणि तिथला मलेरिया पसरवणारी ॲनोफिलिस सुंडायकस ही जात मचूळ पाण्यात वाढते. २००४ च्या त्सुनामीनंतर समुद्राचं पाणी आत शिरून तसली डबकी आणखी वाढली. आपलं प्लगवालं मशीन वीज गेली की गप्प बसतं, म्हणून मच्छरदाणी घ्या, सोबत सुतळी आणि चार खिळे. कडा गादीखाली खोचा, नुसत्या लोंबत्या सोडू नका. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी विचारा. आदल्या दिवशी फोन करून नव्हे. काही गोळ्या आधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावर चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात.

लहान मुलं असतील तर दोन महिन्यांखालच्या बाळाला डीट अजिबात नाही, त्यावरच्यांना मोठ्यांनी आपल्या हातावर घेऊन लावायचं, त्यांच्या बोटांना आणि डोळ्यांभोवती नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाळूमाश्या असतात, ओल्या वाळूत उघड्यावर लोळू नका.

बाकी भराभर. रोख पैसे श्री विजयपुरममधूनच, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरमधून, काढून न्या. जहाज लागणाऱ्यांनी गोळी आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत. ओंगे या तिथल्या आदिवासींच्या राखीव भागाकडे जायचं नाही, फोटोही नाहीत, कायद्यानं बंदी आहे. प्लॅस्टिक परत आणायचं. परतीच्या जहाजानंतर विमानाला एक दिवस मोकळा ठेवा, समुद्र खवळला की जहाज रद्द होतं.

घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. डेंगी असेल तर ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेननं रक्तस्राव वाढू शकतो. लगेच रक्त तपासा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता अंदमानला जाऊन आल्याचं सांगा.

ट्यूब आजच आणा. दोन.