गरम टायरची हवा सोडू नका! दाबलेल्या हवेच्या या चुका टाळा

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा दाबा. सुरुवातीला सहज जातो, मग जड होत जातो, सोडला की आपोआप मागे येतो. तेच पंपात पाणी भरून करा, दांडा जागचा हलणार नाही. हवेचे रेणू लांब लांब असतात, मधे सगळी मोकळी जागा, पाण्याचे एकमेकांना चिकटून, त्यांना सरकायला जागाच कुठे आहे. जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ मध्ये सांगितलं, पण तापमान तेच राहिलं तर! आपण चुकतो ते इथेच.

मागच्या मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाट चढून घोटीला थांबलो, पेट्रोल पंपावर टायर चेक केले तर ३७ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मी म्हटलं बापरे फुटेल, आणि चारही टायरची हवा सोडून ३२ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला पंचवटीत घरासमोर गाडी थंड असताना दाब मोजायचा गेज लावला तर २८! म्हणजे घाटात हवा जास्त झालीच नव्हती, फक्त तापून तिचा दाब वाढला होता. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो, त्यामुळे गाडी निदान तीन तास उभी असेल तेव्हाच चेक करा, आणि गरम टायर चार-पाच पीएसआय जास्त दाखवत असेल तर कृपया हात लावू नका.

सीएनजीवाल्यांचंही तसंच. साधारण २०० बारला (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळपास २०० पट) गॅस भराभर भरला की टाकी तापते, काटा फुल दाखवतो, मग गार झाल्यावर काटा थोडा खाली येतो आणि लोक लगेच लीकेज समजून घाबरतात. थोडाच उतरून थांबला तर ठीक, पण वास आला किंवा उतरतच राहिला तर लगेच मेकॅनिक गाठा. आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) चुकवू नका, एवढा दाब पेलणारी ती एकच भिंत आहे.

आता उलटा प्रकार. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरली तर पाय दाबतो पण जोर चाकापर्यंत जातच नाही, आधी ती हवाच दबते. पेडल स्पंजसारखं लागलं की नुसतं ऑइल टॉप-अप करून वणीचा घाट चढायला निघू नका, आधी लाइनमधली एअर काढून घ्या.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात ज्यांचे छोटे वर्कशॉप आहेत त्यांनी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक (पाणी काढायची तोटी) रोज उघडा, पावसाळ्यात तर नक्कीच. हवा दाबून गार झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि तेच टाकी आतून गंजवतं.