कुरव आणि दयाळ: नाशिकमधून तुलनेचा प्रकल्प करताना

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पात एक सागरी पक्षी आणि एक गाणारा पक्षी घ्यायचा असेल, तर तपकिरी डोक्याचा कुरव, म्हणजे सीगल, आणि दयाळ ही जोडी घ्या. दयाळ नाशिकच्या बागांमध्ये भेटतो. कुरवासाठी हिवाळ्यात मुंबईचा किनारा गाठलेला बरा. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात दिसणारा नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न, कुरवाच्याच कुळातला, पण गोड्या पाण्यावरचा. ८×४२ (आठ पट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिमी भिंगाच्या) दुर्बिणीचा हात बसवायला तो उत्तम, मात्र अहवालात सागरी पक्षी म्हणून त्याला घालू नका.

सगळ्यात जास्त घोळ ऋतूमुळे होतो. कुरव आपल्याकडे हिवाळी पाहुणा. तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतंच, पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे एक गडद डाग तेवढा उरतो. काळ्या डोक्याच्या कुरवालाही हिवाळ्यात असाच डाग असतो, म्हणून नवखे फसतात. डोकं सोडा, पंखाचं टोक बघा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचं टोक काळं, त्यात ठसठशीत पांढरे ठिपके, आणि बुबुळ फिकट.

दयाळाचं उलट. थंडीत तो फारसा गात नाही. मार्चपासून विणीच्या काळात पहाटे शेंड्यावर किंवा तारेवर बसून नर गातो. जानेवारीत दोघांचे आवाज नोंदवले तर निष्कर्ष चुकणारच. दयाळाचं ध्वनिमुद्रण एप्रिलमध्ये, उजाडण्याआधी अर्धा तास सुरू करा आणि प्रत्येक नोंदीपुढे महिना लिहा.

शरीररचनेत मीठग्रंथीला जास्त जागा द्या, कारण ती प्रत्यक्ष काम करताना दिसू शकते. डोळ्यांच्या वर असलेली ही ग्रंथी रक्तातलं जादा मीठ काढते. खारट पाणी नाकपुड्यांतून चोचीच्या टोकाशी येतं, थेंब लोंबतो आणि पक्षी मान झटकतो. बसलेल्या कुरवाच्या चोचीवर दुर्बीण स्थिर ठेवा. दयाळाकडे अशी सोय नाही. त्याची कमाई श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्राच्या बारीक स्नायूंत आहे. पाय सोपे: कुरवाच्या पुढच्या तीन बोटांत पडदा, दयाळाची तीन बोटं पुढे, एक मागे, फांदी पकडायला.

पिल्लांची तुलना पुस्तकावरूनच करावी लागेल, कारण कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांकाठी वीण करतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊन येतात. ढोलीतली दयाळाची पिल्लं उघड्या अंगाची, आंधळी असतात.

किनाऱ्यावर लोक कुरवांना गाठी-शेव टाकतात. तिथल्या खाण्याच्या नोंदी वेगळ्या रकान्यात ठेवा, नैसर्गिक आहारात मिसळू नका.