नाताळचा सेल: कमिटीत पहिल्यांदा येणाऱ्या मुलींसाठी

बेळगावच्या आमच्या चर्चच्या नाताळच्या सेलात माझ्या पहिल्या वर्षी आम्ही एक वाकळ ३०० रुपयांना विकली. सात जुनी लुगडी, त्यातली दोन इरकली, आणि चर्चच्या मंडळीतल्या एका मावशींचा अख्खा पंधरवडा त्यात गेला होता. "चर्चचा सेल आहे, जास्त कसं सांगायचं?" म्हणत किंमत आम्हीच पाडली. मावशी टेबलाशेजारीच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. वाकळेची घडी घालून गिऱ्हाईकाच्या पिशवीत त्यांनीच ठेवली.

मजुरीच्या दरानं तो हिशेब करून बघा. रोज दुपारचे अडीच तास, पंधरा दिवस, म्हणजे साडेसदतीस तास. आठ तासांचा दिवस धरला तर जवळजवळ पावणेपाच दिवसांचं काम. २०२४-२५ ला कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३४९ रुपये होती. त्या दरानं नुसत्या शिवणीचेच सोळाशेच्या वर जातात. दोरा आणि अस्तर वेगळं. मावशींनी आपले पंधरा दिवस देवाला वाहिले होते, आणि त्यांचं अर्पण आम्ही तीनशेचं करून टाकलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून कमिटीत आल्यावर पहिलं काम हे शिका: प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी, तिच्यावर करणारीचं नाव, सामानाचा खर्च आणि लागलेले तास. किंमत त्या चिठ्ठीवरून ठरते. सामानाचे पैसे करणारीला आधी परत द्यायचे, उरलेले मंडळीच्या खात्यात. आमच्यातल्या बऱ्याच बायका घरकाम करून लोकर विकत आणतात. त्यांना "नंतर बघू" म्हणायचं नाही.

भाव वाढवला तर माल खपेल का, ही भीती मलाही होती. दुसऱ्या वर्षी वाकळा १८०० ला लावल्या. दुपारच्या आत संपल्या. मात्र टाका सारखा आणि कडा सरळ असायलाच हवी. दया म्हणून घेतलेली वस्तू माणूस पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायला येत नाही.

आता तारखेचं. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतला, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. सेल त्याच्या आगेमागेच घ्या. आम्ही आधी तिसऱ्या आठवड्यात घ्यायचो, तेव्हा लोकांची खरेदी उरकलेली असायची आणि तरुण संघ रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायला गेलेला असायचा, टेबलं उचलायला माणूस नाही. डिसेंबरचा पहिला शनिवार बरा, पगार हातात असतो. पण बेळगावात डिसेंबर म्हणजे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. २०१२ ला त्यासाठी सुवर्ण विधानसौध ही इमारत झाल्यापासून ते दिवस पोलिसांना बंदोबस्तातून फुरसत नसते, त्यामुळे लाऊडस्पीकरचा अर्ज नोव्हेंबरातच देऊन पोच घ्या. स्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद. नोव्हेंबरच्या १ तारखेच्या आसपास कसलीही बैठक किंवा खरेदी ठेवू नका. राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकचा स्थापनादिन, आणि मराठी संघटनांचा निषेधाचा काळा दिवस एकाच दिवशी येतात, रस्त्यांचं आणि दुकानांचं काही सांगता येत नाही.

लकी ड्रॉची तिकिटं छापूया असं दरवर्षी कुणीतरी सुचवतं. कर्नाटकात २००७ पासून लॉटरीवर बंदी आहे. आपण त्या वाटेला जात नाही.

काम जूनमध्ये सुरू होतं. पावसात घरात बसून विणकाम छान होतं, आणि आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच, डिसेंबरची थंडी बोचते, त्यामुळे बाळटोपी, मोजे, मफलर कधी उरत नाहीत. वाकळा मात्र पावसात शिवून ट्रंकेत ठेवू नका, कुबट वास धरतात आणि तो उन्हात घातल्यावरही जात नाही. ऑक्टोबरचं ऊन लागलेल्याच घड्या बांधा. गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, देखाव्यासाठी खानापूरच्या कुंभारांकडून मातीच्या मूर्ती घेतो, त्यांची ऑर्डर दसऱ्यानंतरच. तिकडं पाऊस जोराचा, कच्ची माती वाळत नाही. ही विकत आणलेली वस्तू वेगळ्या टेबलावर मांडायची आणि विचारलं तर तसं सांगायचं. मेणबत्त्या पत्र्याच्या मांडवात ठेवू नका. आमच्या एकदा दुपारी सगळ्या वाकल्या.

माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे टेबलावर कोण बसतं ती. प्रत्येक टेबलाला दोघी, एक मराठी चांगलं बोलणारी, एक कन्नड. फलक दोन्ही भाषांत. वाकळ म्हटलं की खानापूरकडची बाई थांबते, कौदी म्हटलं की बैलहोंगलची. वस्तू तीच, दोघीही हात फिरवून टाका बघतात, दोघींच्याही आज्जीनं तीच शिवलेली असते. एका वर्षी आमच्या टेबलावर दोन अनोळखी आज्ज्या, एकमेकींची भाषा अर्धी कळणाऱ्या, अर्धा तास टाक्यावर बोलत बसल्या. त्या वर्षीची विक्री मला आठवत नाही, त्या दोघी आठवतात.

पैशाचं थोडक्यात. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच, कुणाच्या खासगी नंबरचा कधीच नाही. गर्दीत नेट अडकतं, तेव्हा पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्याशिवाय वस्तू देऊ नका, पण गोड बोलून थांबवा: "अक्का, एक मिनिट, येतंय बघा." दहाच्या नोटांची दोन बंडलं आदल्या आठवड्यातच बँकेतून आणा. संध्याकाळी गल्ला तिघींनी मिळून मोजायचा, त्यातली एक कमिटीबाहेरची. पुढच्या रविवारी उपासनेनंतर हिशेब मोठ्यानं वाचायचा, आणि प्रत्येक करणारीचं नाव त्यात यायला हवं. गेली दोन वर्षं तो पैसा दफनभूमीच्या कुंपणाला जातो आहे. पावसानं मातीची भिंत दरवर्षी खचते, आता दगडी बांधतोय, ओढ्याकडची बाजू तेवढी राहिली आहे.

पहिली बैठक जूनच्या दुसऱ्या रविवारी, उपासना सुटली की मागच्या खोलीत. येताना एक जुनी साडी आणा. वाकळेचा टाका शिकवायला त्याच मावशी येणार आहेत.