मनूची बाटली सुटली ती फुलपात्रानं

मनू चौदा महिन्यांची झाली तेव्हा सुनेचा कऱ्हाडला फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात बाटली बंद करा. तुम्ही पंधरा दिवस येता का?" पंधराचे तीन आठवडे झाले. त्या दिवसांत पुण्यात त्यांच्या सोसायटीच्या बागेत रोज कुणी ना कुणी आई मला हेच विचारायची, म्हणून सविस्तर लिहिते. मी २६ वर्षं अंगणवाडी सेविका होते. दुसऱ्यांच्या लेकरांची बाटली सोडवायला सांगणं वेगळं आणि आपल्या नातीची सोडवणं वेगळं, हे मात्र या वेळी कळलं.

गेल्या गेल्या मी तिचं दिवसाचं दूध मोजलं. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. सकाळी उठल्यावर २४० मिली, अकराला १८०, दुपारी झोपताना १८०, संध्याकाळी १८०, रात्री २४०. बेरीज १०२० मिली. वर्षाच्या पुढच्या मुलाला दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. पोट दुधानंच भरलेलं, मग पोरगी वरणभाताला तोंड कशाला लावील? आणि जेवत नाही म्हणून घरचे आणखी एक बाटली भरणार. दुधात लोह जवळजवळ नसतंच. मनूचं हिमोग्लोबिन ९.२ आलं होतं आणि लोहाचे थेंब सुरू झाले होते, ते यामुळेच.

तो हिशेबाचा कागद मी फ्रिजवर चिकटवला. सर्वांत जास्त काळजी माझ्या मुलाला वाटत होती. "आई, दूध बंद झालं तर ती अशक्त होईल." त्याला मी समजावलं की दूध बंद होणार नाही, निम्म्यावर येईल, आणि ते यायलाच हवं. घरातल्या एका जरी माणसाला हे पटलेलं नसेल तरी सुरुवात करू नका. चौथ्या दिवशी पोर रडायला लागलं की तोच माणूस बाटली भरून आणतो, आणि जोरात रडलं की बाटली मिळते एवढं लेकरू त्यातून शिकतं.

"एवढ्याशा मुलाला कपानं पिता येईल का?" हा प्रश्न हमखास येतो. सरकारी दवाखान्यात कमी वजनाची, पंधराशे-अठराशे ग्रॅमची बाळं अंगावर ओढू शकत नाहीत तेव्हा त्यांना आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्यानं नाहीतर बोंडल्यानं पाजतात. आपल्या आज्यांकडे चोचीचं चांदीचं बोंडलं असायचं ते उगाच नव्हतं. खरं तर सहा महिने पूर्ण होऊन उष्टावण झालं की त्याच दिवसांपासून वाटीनं घोट घोट पाणी द्यायला लागावं, म्हणजे पुढे सोडवायला काही उरत नाही. वर्ष उलटलं असेल तरी घाबरू नका, पण अठराव्या महिन्याच्या आत बाटली पूर्ण सुटलेली बरी. उशीर होईल तशी सवय घट्ट होते.

भांडं कुठलं घ्यावं? सून बाजारातून झाकणाचे, चोचीचे तीन कप घेऊन आली होती. त्यातल्या दोघांच्या चोचीत झडप होती, जोरानं ओढल्याशिवाय थेंब येत नव्हता. म्हणजे ती दुसरी बाटलीच. प्रवासाला असा कप ठेवा, घरी नको. स्ट्रॉचा कप मात्र चालतो. मी मनूच्या बारशात आलेलं छोटं फुलपात्र काढलं. त्याचा काठ बाहेर वळलेला असतो, तो खालच्या ओठावर नीट टेकतो. स्टीलचं घेतलं तरी तेच काम होतं, फक्त काठाला धार नाही ना ते बोट फिरवून बघा.

पहिले चार दिवस फुलपात्रात दूध घालू नका. दूध दिसलं की पोराला बाटली आठवते. पाणी द्या, पातळ ताक द्या, वरणाचं वरचं पाणी द्या, भाताची पेज द्या. वेळ दुपारच्या जेवणाची निवडा, पोर भुकेनं कावलेलं नको आणि झोपाळलेलंही नको. मांडीवर ताठ बसवा. काठ खालच्या ओठावर टेकवा, भांडं इतकंच कलतं करा की पाणी ओठाला लागेल, आणि थांबा. ओतायचं नाही. पोर स्वतः ओठ पुढे करून ओढून घेतं. मनूनं पहिल्या दिवशी दोनदा जीभ बुडवली, तिसऱ्यांदा घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली.

बऱ्याच आया इथेच फसतात. सांडेल म्हणून भांड्यात तळाशी चमचाभरच घालतात. मग ते पिण्यासाठी भांडं पार उलटं करावं लागतं, मान मागे जाते, सगळं एकदम घशाशी येतं, ठसका लागतो आणि पोर धसका घेतं. तुम्ही धरून पाजताना भांडं पाऊणभर असू द्या, म्हणजे थोडं कललं की पुरतं. मुलाच्या हातात देताना मात्र दोनच घोट, आणि खाली जुना पंचा अंथरा. सांडणार. मनूनं पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-चार झबली भिजवली. रागावू नका, पुसायचं आणि पुढचा घोट द्यायचा.

आता बाटल्या कमी करण्याचा क्रम. आधी अकराची गेली, कारण त्या वेळी ती खेळात असते. त्या जागी केळं नाहीतर नाचणीची पेज दिली. पाच दिवसांनी संध्याकाळची गेली, त्या जागी दही-भात. पुढच्या पाच दिवसांत सकाळचं दूध फुलपात्रात आलं, १५० मिली. त्यातलं पहिल्या दिवशी तिनं जेमतेम ४० घेतलं आणि बाकीचं परत केलं. मी आग्रह केला नाही. तासाभरानं तिनं अख्खं धिरडं खाल्लं, असं तिनं आधी कधीच केलं नव्हतं. मुलानं ते पाहिलं आणि त्याचा विरोध तिथेच मावळला.

माझी चूकही सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. संध्याकाळची बाटली सुटली तेव्हा मला वाटलं, चाललंय छान, आता झटक्यात संपवू. दुपारची झोपेची आणि रात्रीची, दोन्ही एकाच दिवशी लपवल्या. पोरगी दुपारी झोपली नाही, संध्याकाळी जेवली नाही, रात्री अकरापर्यंत हुंदके देत होती. साडेअकराला मी स्वतः बाटली भरून दिली. झोपेच्या बाटलीत तिला दुधापेक्षा झोप हवी असते, हे मी विसरले होते. ती काढताना झोपेची दुसरी वाट आधी तयार करून द्यावी लागते.

मग आम्ही असं केलं. रात्रीचं जेवण साडेसातला. आठला स्वयंपाकघरात, दिव्याखाली, फुलपात्रातून थोडं दूध. मग दात घासणं. मग अंधाऱ्या खोलीत खांद्यावर घेऊन पाठीवर थोपटत एकच अंगाई, रोज तीच. तरी बाटली मागितली तर मिळायची, पण दूध दर दोन रात्रींनी कमी आणि त्या जागी उकळून कोमट केलेलं पाणी. २४० मिलीत आधी ४० पाणी, मग ८०, असं करत बाराव्या रात्री नुसतं पाणी उरलं. ते तिनं दोनदा ओढलं आणि बाजूला सारलं. दुपारची झोपही याच थोपटण्यानं सुटली. दुधात पाणी घालण्याचा हा उपाय फक्त वर्षाच्या पुढच्या, बाकी खाणाऱ्या मुलासाठी आहे. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध कधीही पातळ करू नका.

रात्रीची बाटली जायलाच हवी, याचं मोठं कारण दात आहेत. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांपाशी साचून राहतं आणि दात किडतात. ओठ वर करून बघा, हिरडीजवळ दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तीच सुरुवात असते. लगेच दातांच्या डॉक्टरांना दाखवा. आडवं पडून बाटली पिणाऱ्या मुलांना कानाचा त्रासही जास्त होतो.

शेजारणीनं सुचवलं, निपलला कडुलिंब नाहीतर कोरफड लावा. मी नाही लावलं. ज्या वस्तूवर लेकरानं वर्षभर भरवसा ठेवला ती अचानक कडू करणं मला पटत नाही. आणि कप आला म्हणून त्यात चहा नको, बिस्किट बुडवायलासुद्धा नको. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळा, चालत असेल तर अंडं द्या.

ताप, दात येणं, नवं पाळणाघर, घरात दुसरं बाळ, अशा दिवसांत सुरुवात करू नका. चालू असताना आजारपण आलं तर आहे त्या पायरीवर थांबा. सू नेहमीइतकी होते ना, एवढं लक्ष ठेवा. सहा-आठ तास सू झाली नाही, तोंड कोरडं पडलं किंवा पोर मलूल झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दर घोटाला ठसका लागत असेल किंवा तोंडातल्या टाळूचा काही दोष असेल, तर हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.

बाटल्या सुटल्यावर त्या घरात ठेवू नका. परवा एका लग्नात मनूनं दुसऱ्या बाळाची बाटली पाहिली आणि हात पुढे केला. सुनेनं पिशवीतून फुलपात्र काढून पाणी दिलं. दोन्ही हातांनी धरून प्यायली, थोडं फ्रॉकवर सांडलं, आणि परत खेळायला पळाली. म्हणून निदान सहा महिने तरी बाहेर जाताना तिचं नेहमीचं भांडं बरोबर ठेवा.