तार ओढा, पण सुरात: क्लासिक रॉक गिटारचा बेंड

बी. बी. किंग, डेव्हिड गिल्मर, पॉल कॉसॉफ. यांचा एक सूर कानावर पडला तरी वादक ओळखू येतो, आणि तो बोटांच्या वेगामुळे नव्हे. ओढलेली तार (हाच बेंड) नेमक्या सुरावर थांबते, मग तिथेच डोलते (हा व्हायब्रेटो). सतारीची मींड ज्यांच्या कानात आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही.

तारा ९-४२ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात, म्हणजे पातळ संच) लावा. ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात गेली, तेव्हा त्याने बॅन्जोच्या पातळ तारा लावून काम भागवलं. जाड तारांचा हट्ट कशाला? नव्या तारा हाताने ताणून दोन-तीनदा ट्यून करा.

तारा सर्वात पातळ तारेपासून मोजा. आधी दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट वाजवा. हा ई सूर, इथे पोचायचंय. आता तिसऱ्या तारेवर अनामिका ७व्या फ्रेटवर (डी), मधलं बोट ६व्यावर, तर्जनी ५व्यावर. अंगठा नेकवरून पलीकडे, तर्जनीचं मूळ नेकच्या खालच्या काठाला टेकलेलं. बोटं न वाकवता, कुलपात किल्ली फिरवावी तसा हात फिरवून तार चौथ्या तारेच्या दिशेने ढकला. नुसत्या बोटांनी ओढलं की सूर उतरलेलाच राहतो आणि बोटंही दुखतात.

पडताळणी अशी: तर्जनी दुसऱ्या तारेच्या ५व्या फ्रेटवर नेऊन दोन्ही तारा एकत्र छेडा. सूर जवळ आला की आवाजात 'वॉव-वॉव' अशी लाट येते. ती संथ होत होत थांबली की सूर जुळला. इथे ट्यूनरपेक्षा कानावर भिस्त ठेवा.

व्हायब्रेटो त्यानंतर. मेट्रोनोम ६० वर. तार ई पर्यंत ओढून एक ठोका स्थिर धरा, मग थोडी सैल सोडून परत ई वर आणा: ठोक्याला दोनदा, जमलं की तीनदा, चारदा. दर वेळी ई ला स्पर्श व्हायलाच हवा, नाहीतर सगळं कणसुरं.

ओढताना नटपाशी (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) 'टिंग' झालं तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. जुन्या घडणीच्या, ७.२५ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डची गोलाई जास्त असलेल्या) फेंडर गिटारवर १२व्या फ्रेटपुढे पहिली तार ओढताना आवाज गुदमरला तर ब्रिजकडून (तारांच्या खालच्या टेकूपाशी) तिची उंची किंचित वाढवा. आणि अॅम्पचा गेन (आवाज खरखरीत करणारं बटण) वाढवण्याआधी शेजारच्या तारा पिकच्या हाताच्या तळव्याने दाबायला शिका, नाहीतर बेंडपेक्षा त्यांचीच गुणगुण जास्त ऐकू येते.