स्वस्तातला व्हॉल्यूम पॉट पारखायचा कसा?

रात्री आवाज अगदी बारीक केला की डाव्या स्पीकरमधून गाणं यायचं आणि उजवा गप्प. नॉब जरा पुढे नेला की दोन्ही सारखे. टीडीए २०३० हा ॲम्प्लिफायरचा आयसी वापरून घरी बनवलेल्या माझ्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरचा हा आजार. मी आधी उजवीकडचा आयसी बदलला, मग स्पीकरच्या वायरींची अदलाबदल केली, मग इनपुटचा कपॅसिटर बदलला. दोष निघाला वडापावच्या किमतीत आणलेल्या व्हॉल्यूम पॉटमध्ये (पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, नॉबखालचा फिरवून रेझिस्टन्स बदलणारा भाग). तो तर मी दुकानात दहा पॉट फिरवून पाहून निवडला होता, कारण तो लोण्यासारखा फिरत होता!

ते लोणी म्हणजे दांड्याभोवती भरलेलं घट्ट ग्रीस. हाताला छान वाटतं, पण आतल्या कार्बनच्या ट्रॅकबद्दल, म्हणजे मधल्या पिनेचा स्पर्श ज्यावरून सरकतो त्या पट्टीबद्दल, काही सांगत नाही. तेव्हापासून पॉट हाताने पारखणं सोडलं. साधा डिजिटल मल्टिमीटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि क्लिप लावलेल्या चार वायरी एवढं पुरतं. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात की एकाऐवजी चार-पाच पॉट घ्या, घरी तपासा, बरा असेल तो लावा. बाकीचे टोन कंट्रोलला चालतात.

१. अंगावरचं अक्षर वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या मालावर आकड्याआधी ‘ए’ असेल तर लॉग (सुरुवातीला हळू, मग भराभर वाढणारा), ‘बी’ असेल तर लिनियर (सगळीकडे सारखा वाढणारा). जुन्या युरोपीय पॉटवर या अक्षरांचा अर्थ वेगळा असू शकतो, म्हणून भंगारातून काढलेल्या पॉटवर विसंबू नका. व्हॉल्यूमला लॉग हवा. लिनियर पॉट दहा टक्के फिरवला की आवाज पूर्ण पातळीच्या फक्त २० डेसिबल खाली असतो. म्हणजे नॉब हलवला न हलवला तोच घर दणाणतं आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांत फारसं काही घडत नाही. रेझिस्टन्स १० ते ५० किलोओहमच्या दरम्यान असला की बहुतेक बोर्डांना चालतो.

२. दोन टोकांमधला रेझिस्टन्स मोजा. स्वस्त पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणून ५० किलोओहमचा पॉट ४० ते ६० दाखवत असेल तर त्यात गैर काही नाही. मग दांडा पूर्ण डावीकडे फिरवा आणि मधली पिन व डावी पिन यांत मोजा (दांडा आपल्याकडे, पिना खाली, असा पॉट धरल्यावर डावी). इथे पाच-दहा ओहम आले तर उत्तम. ५० ओहम उरत असतील तर ५० किलोओहमच्या पॉटवर आवाज ६० डेसिबलपर्यंतच खाली जातो आणि शांत खोलीत ‘बंद’ केलेलं गाणंही कुजबुजत राहतं.

३. दोन्ही बाजू जुळतात का ते पाहा. खरी परीक्षा इथेच. स्टिरिओच्या पॉटमध्ये एका दांड्यावर दोन ट्रॅक असतात आणि ओहममध्ये ते क्वचितच सारखे निघतात. पण आवाजाला ओहमशी देणंघेणं नाही, प्रमाणाशी आहे. एक ट्रॅक ४५ आणि दुसरा ५२ किलोओहमचा असला, तरी मधली पिन दोन्हीकडे त्याच प्रमाणात वाटणी करत असेल तर कानाला फरक कळत नाही. म्हणून ओहम न मोजता बॅटरी जोडा: दोन्ही डाव्या पिना ऋण टोकाला, दोन्ही उजव्या पिना धन टोकाला. आता डाव्या पिनेपासून एकेका मधल्या पिनेचं व्होल्टेज घ्या.

दांडा बरोबर मध्यावर असताना लिनियर पॉट ४.५ व्होल्टच्या आसपास दाखवेल, लॉग साधारण १ ते १.८. ‘ए’ छापलेला पॉट ४.५ दाखवत असेल तर छपाई खोटी. मध्यावर दोन्ही बाजू जुळल्या म्हणून खूश होऊ नका. घड्याळाच्या काट्यासारखा नऊवर आणि दहावरही दांडा ठेवून मोजा, कारण रात्री आपण ऐकतो ते तिथेच. मोठं व्होल्टेज भागिले लहान व्होल्टेज करा. १.१२ आलं तर फरक १ डेसिबल, १.२६ ला २, १.४१ ला ३. दोनपर्यंत मी चालवून घेतो. माझ्या त्या लोण्यासारख्या पॉटमध्ये नऊवर एक बाजू दुसऱ्याच्या निम्मी होती, म्हणजे ६ डेसिबलचा फरक.

लॉगमध्ये हा घोळ जास्त का? स्वस्त लॉग ट्रॅक बहुधा वेगवेगळ्या रेझिस्टन्सचे दोन तुकडे जोडून बनवतात. दोन ट्रॅकवर तो सांधा एकाच जागी यायला हवा, आणि कमी पैशात ते जमणं कठीण. त्यावर जुना उपाय आहे: ५० किलोओहमचा लिनियर ड्युअल पॉट घ्या आणि प्रत्येक मधल्या पिनेपासून ग्राउंडला १ टक्क्याचा ७.५ किलोओहमचा रेझिस्टर लावा. मध्यावर साधारण १९ टक्के सिग्नल उरतो, चाल लॉगच्या जवळ जाते. मात्र इथे ओहमला महत्त्व येतं, म्हणून दोन्ही ट्रॅक शक्यतो सारखे निघतील असाच पॉट निवडा.

४. खरखर ऐका, पण लगेच पॉटला दोष देऊ नका. बॅटरी तशीच ठेवून दांडा हळूहळू फिरवा. आकडा चढत जायला हवा. मध्येच शून्यावर पडला किंवा उडी मारली तर तो पॉट बाजूला. इथे पास झालेला पॉट ॲम्प्लिफायरमध्ये मात्र खरखरतो? मग गाणं बंद ठेवून मधल्या पिनेवर डीसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर शेजारचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल जाऊ देऊन डीसी अडवणारा) गळतोय किंवा लावायचाच राहिलाय. डीसी वाहत असेल तर चांगला पॉटही खरखरतो.

दांडा बाजूला हलवून पाहा, थोडा खुळखुळ चालतो. हलवताना व्होल्टेज बदलत असेल तर नाही. नॉबला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर पॉटच्या धातूच्या अंगाला ग्राउंडची वायर द्या. आणि सोल्डर करताना एका पिनेवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न ठेवू नका. पिना ट्रॅकला नुसत्या ठोकून बसवलेल्या असतात, उष्णतेने सैल होतात, आणि पास झालेला पॉट तुमच्याच हातून नापास होतो.